दारी येणारी पुस्तकांची पेटी

चातुर्मासात एकीने पोथी वाचावी आणि बाकीच्यांनी वाती वळीत ऐकावी, ही रीत आपल्या आज्या-पणज्यांपासूनची. अक्षर एकीलाच येई, पण कथा साऱ्या आळीची होई.

पुढे छापील पुस्तके आली. आपल्या जिल्ह्याच्या गावी, ठाण्यास, १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे आदी मंडळींनी मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. अभिमानाची गोष्ट खरी! पण डोळखांबच्या बाईने घरचे आटोपून एसटीने आसनगाव आणि तेथून गाडीने ठाणे गाठायचे, तेही एका कादंबरीसाठी? कोण सोडील तिला?

यावर उपाय काढला कसारा घाटापलीकडच्या नाशिककरांनी. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. एका पेटीत २५ पुस्तके. पेटी शेजारातल्या एकाच्या घरी ठेवायची, सर्वांनी पाळीपाळीने वाचायची, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी बदलायची. वाचणाऱ्यास खर्च नाही. लोकांनी वाढदिवसानिमित्त पैसे दिले, त्यांतून पुस्तके आली. हारतुऱ्यांपेक्षा मला हे फार पटते. पुढे या पेट्या दुबईच्या मराठी घरांतही गेल्या.

पेटीची खरी गोडी मात्र वाचून झाल्यावर कळते. तेच पुस्तक शेजारणीने वाचले, की नळावर वाद जुंपतो: नायिकेने घर सोडले ते बरे की वाईट? एरवी सासूपुढे तोंड न उघडणारी सून पुस्तकातल्या सुनेचे निमित्त करून मनातले बोलून घेते. सासूही ऐकून घेते, कारण बोलणे पुस्तकाचे असते.