देहाचें माप आणि गुणांचा हिशेब

देहावरून मनुष्याची पारख करण्याची खोड फार जुनी आहे. उंचापुरा गडी दिसला कीं तो बळकट असेल, बारका दिसला कीं चपळ असेल, असें आपण न विचारतां धरून चालतों. आणि लगेच 'मूर्ति लहान पण कीर्ति महान' असें म्हणून आपलाच नियम मोडीतही काढतों. संभाषणांत ही विसंगति खपून जाते. परंतु जेथें प्रत्येक गुणास अंक द्यावा लागतो, तेथें ती खपत नाहीं. कोणती तरी एक बाजू पत्करावीच लागते. टेबलाभोंवतीं बसून खेळावयाच्या 'रोल-प्लेइंग' खेळांचे नियमग्रंथ या दृष्टीनें मोठे उद्बोधक आहेत.

या खेळांत एक जण कथा चालवितो व बाकीचे एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतात. संशयाच्या प्रसंगीं फांसा निवाडा करितो. प्रशियांतील लष्करी अधिकाऱ्यांच्या युद्धखेळांपासून ज्या परंपरेचा उगम, तिच्यांतूनच हा प्रकार निघाला. १९७४ सालीं अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत पात्राचे गुण सहा: बल, बुद्धि, शहाणपण, प्रकृति, चापल्य आणि व्यक्तिप्रभाव. प्रत्येकासाठीं तीन फांसे टाकावयाचे, म्हणजे अंक ३ पासून १८ पर्यंत. आणि १८ पडण्याचा संभव २१६ मध्यें एक. उंची व वजन यांस या सहांत स्थान नव्हतें. तथापि देह अगदींच विसरला गेला होता असें नव्हे. बुटक्या हॉबिट जातीच्या योद्ध्यास चौथ्या पायरीपलीकडे चढण्याची मनाई होती. देहाला गुण म्हणून मोजलें नाहीं, पण कुंपण म्हणून उभें केलें.

हें कुंपण पुढें अधिक उंच झालें. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीनें १८ बलाच्या योद्ध्यास आणखी शतमानाचे फांसे टाकण्याची मुभा दिली, आणि १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक' या ग्रंथानें ठरविलें कीं, मानवी पुरुषास हें मान १०० पर्यंत जाईल, मानवी स्त्रीस मात्र ५० पर्यंतच. शंभरीं पोंचलेल्या योद्ध्याच्या प्रहारास ६ अंकांची भर मिळे. पन्नाशींत अडलेल्या स्त्रीस तिच्या निम्मी, ३ अंकांची. याच्या समर्थनार्थ वास्तवाचा दाखला देतां येईल: सरासरीनें पुरुषाचें बाहुबल अधिक असतें. पण सरासरी ही समुदायाची असते, एका व्यक्तीची नव्हे; आणि जेथें योद्धे अग्नि ओकणाऱ्या राक्षसी सर्पांशीं झुंजतात, तेथें वास्तवाची आठवण नेमकी स्त्रीच्या बाहूंपाशींच कां व्हावी? १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत हा भेद काढून टाकण्यांत आला, हें योग्यच झालें.

देहाचा प्रामाणिक विचार दुसऱ्याच एका ग्रंथानें केला. १९७८ सालीं स्टीव्ह पेरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रचलेल्या 'रूनक्वेस्ट' खेळांत 'आकार' हा एक स्वतंत्र गुणच मानला गेला. मोठ्या देहास आघात अधिक सोसतो व त्याचा प्रहारही जड पडतो; परंतु त्यास लपणें कठीण, वार चुकविणें कठीण. त्याच घराण्यांतील १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुलू' या खेळांत हिशेब आणखी सोपा झाला: प्रकृति आणि आकार यांची सरासरी म्हणजे पात्राची जीवनशक्ति. प्रकृति १२ आणि आकार ८ असल्यास ती १०. तीच प्रकृति, पण आकार १६, तर १४. येथें देह एका हातानें देतो व दुसऱ्या हातानें घेतो, आणि हा व्यवहार जातीशीं किंवा लिंगाशीं नसून त्या एका पात्राशीं असतो.

तिसरा मार्ग 'गर्प्स' या खेळाचा. त्याच्या २००४ च्या आवृत्तींत आधीं बल ठरतें, व त्यास शोभेल अशी उंची आणि वजन तक्त्यावरून निवडावयाचें असतें. अति स्थूलता आणि कृशता या दोन्ही उणिवा मानून दोहोंची किंमत सारखीच, उणे ५ गुण, धरली आहे. ते गुण खेळाडूस दुसरीकडे खर्च करितां येतात. दोघांच्याही प्रकृतीस वरची मर्यादा आहे. पण अति स्थूल पात्रास पोहतांना ५ अंकांचा लाभ मिळतो, हेंही ग्रंथकर्ते विसरले नाहींत!

मूळ खेळानें मात्र अखेरपर्यंत देहाशीं फारकतच घेतली. त्याच्या २०१४ च्या आवृत्तींत उंची व वजन फांशांनीं काढतां येतें; बलावर त्याचा परिणाम शून्य. तीन फूट उंचीचा, चाळीस पौंड वजनाचा हाफलिंग, बल १५ असल्यास, सहा फुटी मनुष्याइतकेच २२५ पौंड ओझें उचलतो. २०२० मध्यें जातीनुसार मिळणारी गुणांची भर हवी तिकडे वळविण्याची मोकळीक मिळाली, आणि २०२४ च्या ग्रंथांत ती भर जातीवरून काढून पात्राच्या पूर्वायुष्याशीं जोडण्यांत आली. आतां जन्मापेक्षां कर्तृत्वाचा हिशेब मोठा झाला. यांत कांहीं हरवलें असें म्हणणारे आहेत, व त्यांचें म्हणणें सर्वस्वी पोकळ नाहीं. राक्षसकुळींच्या योद्ध्याचा आणि टीचभर हाफलिंगाचा देह जर कोठेंच मोजला जात नसेल, तर त्यांतील भेद केवळ चित्रापुरता उरतो.

तरीही निवड करावयाचीच तर कसोटी आम्हांस स्पष्ट दिसते. देह मोजावा कीं न मोजावा, हा खेळाच्या रुचीचा प्रश्न आहे. दोन्ही रीतींनीं उत्तम खेळ झाले आहेत. पण मोजणें निराळें आणि अडविणें निराळें. जो नियम एका व्यक्तीच्या देहाचे लाभ व तोटे दोन्ही मांडतो, तो मनुष्यास ओळखूं पाहतो. जो नियम वर्ग पाहून वरची सीमा आंखतो, तो ओळख होण्यापूर्वींच निकाल देतो. घटकाभर आपल्याहून निराळें कोणी तरी होऊन पाहावें, म्हणूनच मनुष्य या खेळास बसतो. त्यास दारांतच त्याचें माप घेऊन परत पाठविणारा नियम गणितानें कितीही बिनचूक असो, खेळाच्या दृष्टीनें तो चुकलेलाच होय.