दोन वर्षांची पदवी आणि परिचारिकेचा परवाना

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका, म्हणजे राज्याच्या परिचर्या मंडळाचा परवाना मिळवून स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णसेवा करणारी परिचारिका, होण्याच्या तीन वाटा विसाव्या शतकात घडत गेल्या. रुग्णालयाच्या स्वतःच्या शाळेतील तीन वर्षांची पदविका, विद्यापीठाची चार वर्षांची पदवी आणि कम्युनिटी कॉलेजातील दोन वर्षांची असोसिएट पदवी अशा या वाटा आहेत. कम्युनिटी कॉलेज म्हणजे त्या त्या परगण्याच्या व राज्याच्या पैशावर चालणारे, माफक शुल्क घेणारे, परिसरातील कोणत्याही प्रौढ माणसाला शिकण्याची संधी देणारे महाविद्यालय. या तिन्हींपैकी असोसिएट पदवी सर्वांत उशिरा आली, आणि ती कोणत्याही रुग्णालयाच्या गरजेतून नव्हे तर एका संशोधन-प्रबंधातून जन्मली, ही परिचर्येच्या इतिहासातील विलक्षण बाब आहे.

तिचे महत्त्व कळण्यासाठी आधीची व्यवस्था पाहावी लागते. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेन या रुग्णालयात 1872 मध्ये परिचर्येचे पद्धतशीर प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी लिंडा रिचर्ड्स तेथून पहिल्या परिचारिका म्हणून उत्तीर्ण झाल्या. त्याच 1873 या वर्षी न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन येथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या विचारांवर उभारलेल्या शाळा निघाल्या. रुग्णालयांच्या चालकांना लवकरच उमगले की विद्यार्थिनी वॉर्डातील जवळजवळ सगळे काम करतात आणि त्यांना जेवण, निवास व किरकोळ भत्त्यापलीकडे काही द्यावे लागत नाही. साहजिकच शाळा झपाट्याने वाढल्या आणि 1900 पर्यंत त्यांची संख्या चारशेच्या पुढे गेली. या शाळांत विद्यार्थिनीने अविवाहित असणे, परिचारिकांच्या वसतिगृहात राहणे आणि मेट्रनच्या शिस्तीत वागणे गृहीत धरलेले असे. व्याख्याने दिवसभराच्या कामानंतर, थकलेल्या अवस्थेत ऐकावी लागत, आणि एखाद्या वॉर्डात माणसे कमी पडली की व्याख्यान रद्द होई, काम मात्र कधीच रद्द होत नसे. शिक्षण संपल्यावर त्याच रुग्णालयात पगाराची जागा मिळण्याची शक्यता थोडी असे, कारण तेथे विद्यार्थिनींची नवी तुकडी आलेली असे. उत्तीर्ण परिचारिका म्हणूनच बहुधा श्रीमंतांच्या घरी खासगी शुश्रूषेला जात. महाराष्ट्रात रुग्णालयांशी जोडलेल्या जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) पदविकेचा अभ्यासक्रम ज्यांना परिचित आहे, त्यांना या व्यवस्थेची चौकट ओळखीची वाटेल.

विद्यार्थिनींच्या श्रमावर चालणाऱ्या या व्यवस्थेतील अन्यायाची जाणीव व्यवसायातल्या लोकांना फार पूर्वीपासून होती. 1903 मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याने परिचारिकांच्या नोंदणीचा पहिला कायदा केला आणि इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले, परंतु नोंदणीमुळे उत्तीर्ण परिचारिकांना संरक्षण मिळाले तरी शिकणाऱ्यांची स्थिती पालटली नाही. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने तयार झालेला आणि अभ्यास समितीच्या सचिव जोसेफीन गोल्डमार्क यांच्या नावाने ओळखला जाणारा 1923 चा अहवाल शिक्षण आणि रुग्णालयाची सेवा यांच्यातील हा विरोध उघडपणे मांडतो. पुढे 1948 मध्ये मानवशास्त्रज्ञ एस्थर ल्युसिल ब्राउन यांनी परिचर्येचे शिक्षण रुग्णालयांतून काढून उच्च शिक्षणाच्या संस्थांकडे सोपवावे, अशी शिफारस केली. या दोन अहवालांमध्ये पंचवीस वर्षांचे अंतर आहे, आणि एवढ्या काळात मुख्य तक्रार बदलली नाही, यावरूनच स्वस्त श्रमाची सवय किती खोल रुजली होती हे दिसते.

बदलाला गती दिली ती दुसऱ्या महायुद्धाने. 1943 मध्ये काँग्रेस सदस्या फ्रान्सेस बोल्टन यांच्या विधेयकातून कॅडेट नर्स कोअर ही योजना सुरू झाली. तिच्यात सरकारने विद्यार्थिनींचे शुल्क भरले, मासिक भत्ता दिला आणि छत्तीस महिन्यांचा अभ्यासक्रम तीस महिन्यांत बसवण्याची अट शाळांना घातली. सव्वा लाखाच्या आसपास परिचारिका या योजनेतून बाहेर पडल्या, आणि तीन वर्षांचा कालावधी हा शिक्षणाची गरज नसून बव्हंशी रुग्णालयाची सोय आहे, ही शंका प्रत्यक्ष अनुभवाने बळकट झाली. युद्ध संपल्यावर अनेकींनी काम सोडले, तर 1946 च्या हिल-बर्टन कायद्याखाली सरकारी अनुदानातून नवी रुग्णालये उभी राहू लागली, त्यामुळे परिचारिकांची टंचाई तीव्र झाली. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने 1947 मध्ये कम्युनिटी कॉलेजांचा विस्तार सुचवला होता.

हे सगळे धागे मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी एकत्र आणले. आयोवा राज्यात 1908 साली जन्मलेल्या मॉन्टॅग युद्धकाळात न्यूयॉर्कजवळच्या अडेल्फी कॉलेजातील परिचर्या विद्यालयाच्या पहिल्या संचालक होत्या आणि नंतर न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात संशोधन करत होत्या. 1951 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या प्रबंधाचा मुद्दा असा होता की परिचर्येची कामे एकाच पातळीची नसतात. एका टोकाला साहाय्यकाने करण्याजोगी साधी कामे असतात, दुसऱ्या टोकाला सखोल शास्त्रीय ज्ञान व स्वतंत्र निर्णय मागणारी कामे असतात, आणि या दोहोंच्या मधल्या विस्तृत पट्ट्यातील कामांसाठी कुशल ‘नर्सिंग टेक्निशियन’ दोन वर्षांत तयार करता येईल. अभ्यासाचा मोठा हिस्सा भाषा, मानसशास्त्र, समाजशास्त्र व जीवशास्त्र अशा सर्वसाधारण विषयांना द्यावा, परिचर्येचे विषय वैद्यकाच्या शाखांप्रमाणे तुकड्यांत न शिकवता मोठ्या गटांत गुंफावेत, आणि विद्यार्थिनीने वॉर्डात केवळ शिकण्यासाठी, महाविद्यालयाच्याच अध्यापिकेच्या देखरेखीखाली जावे, अशी त्यांची रचना होती. यातला शेवटचा भाग सर्वांत क्रांतिकारक म्हणावा लागेल, कारण त्यामुळे रुग्णालय हे मालक न राहता प्रयोगशाळा बनले आणि विद्यार्थिनीने कोणता रुग्ण पाहावा हे वॉर्डाच्या निकडीऐवजी अभ्यासाच्या गरजेवर ठरू लागले.

नाव गुप्त ठेवलेल्या देणगीदाराच्या पैशातून 1952 मध्ये टीचर्स कॉलेजने या कल्पनेची पाच वर्षांची चाचणी सुरू केली. ऑरेंज काउंटी, पॅसाडीना, हेन्री फोर्ड आणि युटामधील वेबर यांसह सात महाविद्यालये व एक रुग्णालय तीत सहभागी झाले. दोन वर्षांच्या शिक्षणानंतर या विद्यार्थिनी राज्यांच्या परवाना परीक्षेला बसल्या आणि तीन वर्षे शिकलेल्यांच्या बरोबरीने उत्तीर्ण झाल्या. नव्या अभ्यासक्रमाकडे वळलेले विद्यार्थीही वेगळे होते. रुग्णालयाच्या शाळांनी दाराबाहेर ठेवलेल्या विवाहित स्त्रिया, मुलांच्या माता, वयाची तिशी-चाळिशी गाठलेल्या स्त्रिया आणि पुरुष आता आपल्या घरी राहून परिचर्या शिकू लागले. मॉन्टॅग यांच्या सिद्धांतापेक्षा हा परिणाम अधिक दूरगामी ठरला, असे म्हणण्यास जागा आहे. ज्या वर्गातील माणसांना चार वर्षांचे शुल्क आणि चार वर्षांचा बुडालेला पगार परवडत नव्हता, त्यांच्यासाठी मध्यमवर्गीय उपजीविकेचे दार येथे उघडले, आणि पुढच्या दशकांत स्थलांतरितांनाही तेच दार सापडले.

केलॉग फाउंडेशनच्या अनुदानाने 1959 पासून हे अभ्यासक्रम कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, न्यूयॉर्क व टेक्सास येथे पसरले. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली, तर रुग्णालयांच्या पदविका-शाळा एकामागून एक बंद पडत गेल्या. मात्र मूळ योजनेतील एक कळीची गोष्ट प्रत्यक्षात उतरली नाही. नर्सिंग टेक्निशियनसाठी वेगळा परवाना निघाला नाही, रुग्णालयांनी कामाची वेगळी वाटणी केली नाही, आणि दोन वर्षे शिकलेली व चार वर्षे शिकलेली परिचारिका एकाच परीक्षेतून एकाच नावाचा परवाना घेऊन, बहुतेक ठिकाणी त्याच पगारावर, एकाच वॉर्डात उभ्या राहिल्या. 1965 मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने व्यावसायिक परिचर्येसाठी चार वर्षांची पदवी किमान मानावी आणि असोसिएट पदवीधरांना तांत्रिक परिचारिका समजावे, असे निवेदन काढले, तेव्हा ज्या परिचारिका आधीच परवान्यावर काम करत होत्या त्यांना हा आपल्या पात्रतेचा अवमान वाटला. या मतभेदाने व्यवसाय कित्येक दशके दुभंगलेला राहिला. नॉर्थ डकोटा या एकाच राज्याने 1987 मध्ये पदवीची अट लागू केली आणि 2003 मध्ये तीही मागे घेतली.

दरम्यान ‘दोन वर्षे’ हे शब्दही पूर्वीइतके खरे राहिले नाहीत. शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आधी उत्तीर्ण झाल्याशिवाय परिचर्येच्या वर्गात सहसा प्रवेश मिळत नाही. जागा थोड्या आणि अर्जदार पुष्कळ असल्यामुळे कित्येक महाविद्यालयांत प्रतीक्षा यादी असते, त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला परवान्यापर्यंत पोहोचण्यास तीन-चार वर्षे सहज लागतात. 1982 पासून एनक्लेक्स या नावाने ओळखली जाणारी परवाना परीक्षा 1994 मध्ये संगणकावर आली. उमेदवाराच्या प्रत्येक उत्तरानुसार पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवणारी ही परीक्षा तिन्ही वाटांनी आलेल्यांना आणि भारतासह इतर देशांतून येणाऱ्या परिचारिकांनाही द्यावी लागते.

एकविसाव्या शतकात वाद शिक्षणाच्या प्रतिष्ठेवरून रुग्णाच्या जिवाकडे वळला. परिचर्या संशोधक लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या अभ्यासातून दाखवले की ज्या रुग्णालयांत चार वर्षांची पदवी घेतलेल्या परिचारिकांचे प्रमाण अधिक, तेथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू कमी आढळतात. 2010 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2020 पर्यंत ऐंशी टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात, असे उद्दिष्ट मांडले, आणि मोठी रुग्णालये भरतीत पदवीला प्राधान्य देऊ लागली. अभ्यासाचा निष्कर्ष गंभीरपणे घ्यायलाच हवा, परंतु त्यावरून कम्युनिटी कॉलेजाचे दार बंद करणे योग्य ठरत नाही, कारण त्या दाराने आत आलेली माणसे अन्यथा परिचर्येत आलीच नसती. न्यूयॉर्क राज्याने 2017 च्या डिसेंबरात केलेल्या कायद्यात हे दार उघडे ठेवले आहे. असोसिएट पदवीवर परवाना पूर्वीप्रमाणेच मिळतो, मात्र नव्याने येणाऱ्या परिचारिकेला त्यानंतर दहा वर्षांच्या आत परिचर्येची चार वर्षांची पदवी पूर्ण करावी लागते, आणि आधीपासून परवाना असलेल्यांना किंवा त्या वेळी शिकत असलेल्यांना ही अट लागू नाही. मॉन्टॅग यांनी स्वयंपूर्ण म्हणून आखलेली पदवी अशा रीतीने त्याच राज्यात एका लांब अभ्यासक्रमाची पहिली पायरी ठरली आहे.