गाण्याखालची ओवी

आमच्या घरी व्हीसीआर कधीच नव्हता. व्हीएचएस कॅसेट मात्र होती, एकच. आत्याच्या लग्नाची, १९९१ सालची. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेली असायची. वर्षातून एकदा कुणाकडून तरी व्हीसीआर मागून आणला, की अर्धी वाडी ती बघायला ओटीवर जमायची.

त्या कॅसेटमध्ये माझी आजी आहे. घाणा भरायच्या वेळी ती जात्यापाशी बसली आहे, हळद दळते आहे, ओठ हलताहेत. ओवी गातेय हे दिसतं. ऐकू येतं ते हिंदी सिनेमातलं गाणं. आजी १९९८ मध्ये गेली, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तिचा आवाज मला आठवत नाही.

ओवीवर सिनेमाचं गाणं कसं आलं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. जेव्हीसी या जपानी कंपनीनं १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणलं. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर पसरला. कोकणात तो बऱ्याचदा आखातातून आला. दुबई-कुवेतला कामाला गेलेली माणसं सुट्टीवर येताना सामानात घेऊन येत. ज्यांच्याकडे नव्हता ते टीव्हीसकट एका रात्रीसाठी भाड्यानं आणत आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून पहाटेपर्यंत तीन-तीन सिनेमे बघत. १९८८ मध्ये तर ‘न्यूजट्रॅक’ हे बातम्यांचं मासिकच कॅसेटवर निघालं. टीव्हीवर फक्त दूरदर्शन असण्याच्या काळात सरकारी नसलेली बातमी बघायची ती एक वाट होती.

त्याच सुमारास लग्नात शूटिंगवाला आला. खांद्यावर कॅमेरा, मागे लाइट धरून वायर सांभाळणारा पोऱ्या, आणि त्या प्रखर उजेडात डोळे बारीक करून बघणारे पाहुणे. घरच्या बायका पहिल्यांदाच हलत्या चित्रात आल्या त्या अशा. फोटोत त्या ओळीनं उभ्या असायच्या. कॅसेटमध्ये त्या वाढताहेत, रुसताहेत, पदर तोंडाला लावून हसताहेत.

पण नुसतं शूटिंग म्हणजे कच्चा माल, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. त्यावर मिक्सिंग हवं. नवरा-नवरी बदामात दिसायला हवीत, मागे गाणी वाजायला हवीत. आमच्या शूटिंगवाल्यानं बदाम काही केला नाही, त्याचे पैसे जास्त पडायचे. आत्याला त्याचं अजून वाईट वाटतं. त्यानं शूटिंगच्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवली आणि ती आणून दिली. कुणी तक्रार केली नाही. जात्यावरची ओवी तर रोजची, ती कशाला जपायची?

२००७ मध्ये बाबांनी शहरातल्या एका दुकानात कॅसेटची डीव्हीडी करून घेतली. ४.७ जीबीची चकचकीत तबकडी, वर मार्करनं लिहिलेलं नाव. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो, आता हे कायमचं. कॅसेट भंगारात जायची होती, माळ्यावर राहून गेली.

‘कायमचं’ दहा-बारा वर्षं टिकलं. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती रंगद्रव्याच्या एका पातळ थरावर साठते. ऊन आणि उष्णतेनं तो थर खराब होतो. आमची तबकडी हळदीच्या आधीच अडकायला लागली. शिवाय ती घालायची कशात? नव्या लॅपटॉपला डिस्कची खाचच नसते.

गेल्या वर्षी मी माळ्यावरची कॅसेट काढली. फितीच्या कडेला पांढरी बुरशी होती. कोकणातल्या दमट हवेत दुसरं काय होणार. असं काम करणारे एक काका पुण्यात सापडले. त्यांच्याकडचे व्हीसीआर जुनेच, कारण नवे मिळतच नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. ते बनवणारी ती शेवटची कंपनी मानली जाते. काकांनी आधी बुरशी साफ केली. मग कॅसेट लावली आणि आम्ही बसून राहिलो. या कामात घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात.

जात्याचं दृश्य आलं. गाणं सुरू झालं. काकांनी सहज म्हणून व्हीसीआरचं एक बटण दाबलं आणि गाणं गेलं. जात्याची घरघर ऐकू आली, आणि तिच्यावर एका बाईचा आवाज.

मला काही सुचेना. काकांनी शांतपणे समजावलं. व्हीएचएसच्या फितीवर आवाज दोन जागी असू शकतो. एक पट्टी फितीच्या कडेला असते. साधा व्हीसीआर तीच वाचतो आणि नंतर गाणी चढवायची तर ती तिथेच चढतात. हाय-फाय कॅमेरा मात्र आणखी एक आवाज चित्राच्याच जागी, चित्राच्या थराखाली नोंदवतो. तो पुसायचा तर चित्रही पुसावं लागतं. आमच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा हाय-फाय होता. वाडीत मागून आणलेले सगळे व्हीसीआर साधे. २००७ च्या दुकानातही कडेचाच आवाज उतरवला गेला होता. म्हणजे इतकी वर्षं आजी त्या कॅसेटमध्ये गात होती आणि आम्ही वर्षातून एकदा तिच्यासमोर बसून दुसरंच गाणं ऐकत होतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर आहेत. ते काम मोठं, आणि समजून-उमजून केलेलं. पण घरोघरच्या लग्नाच्या कॅसेटमध्येही, कुणी न ठरवता, अशा कितीतरी बायकांचे आवाज गेले. त्यातले किती गाण्यांखाली दबून भंगारात गेले असतील, कोण मोजणार?

म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या माळ्यावर कॅसेट असेल तर ती यंदा उतरवून घ्या. देताना विचारा, हाय-फाय आवाज तपासाल का? फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा. आणि काम झालं तरी मूळ कॅसेट टाकू नका. नक्कल करणारा त्याला दिसेल तेवढंच उतरवतो.

मी ती फाइल आत्याला फोनवर ऐकवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “वहिनीचंही नाव घेतलंय बघ तिनं ओवीत.” वहिनी म्हणजे माझी आई. आईला हे ठाऊक नव्हतं. त्या वेळी ती मागच्या दारी पाहुण्यांचा चहा करत होती.