सोमराजाचे आतिथ्य

पुण्याहून सोलापुराकडे येताना मोहोळ मागे पडलेले असते आणि शहर अद्याप दृष्टीस पडलेले नसते, अशा मधल्या मुरमाड माळावर, मौजे चिंचोळीकाटीच्या शिवारात, औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत पसरलेली आहे. तेथील कचेऱ्यांच्या पडव्यांतून अलीकडे टांगलेल्या कुंड्या दिसू लागल्या आहेत. हिरव्या मोत्यांच्या सरी सोडणारी दक्षिण आफ्रिकेतील वेल किंवा जाड पानांच्या शेपट्या लोंबविणारे मेक्सिकोतील झुडूप त्यांत असते. आणि मार्गशीर्ष सरून पौष लागला, की तीच वनस्पती बुडाशी काळी पडून, बोट लावताच गळू लागते. तिला कोणी तहानेने मारलेले नसते. तुळशीप्रमाणे रोज तांब्याभर पाणी घालून मोठ्या भक्तिभावाने मारलेले असते.

रसाळ, लोंबत्या वेलीची बडदास्त कशी ठेवावी हा प्रश्न रोपवाटिकांनी निर्माण केला, असे समजणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. याच जिल्ह्यात, बार्शीजवळ कासारवाडीच्या योगिराज वेदविज्ञान आश्रमात, सोमयागाची परंपरा आजही चालू आहे. आणि दख्खनच्या याज्ञिकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोम म्हणून जी मानली, ती सोमवेल याच जातकुळीची आहे. खडकाळ, कोरड्या टेकड्यांवर ती झुडपांच्या आधाराने चढते किंवा दगडांवरून खाली लोंबते. पाने जवळजवळ नाहीतच, कांडी मात्र हिरवी, पेऱ्यापेऱ्यांची, रसाने भरलेली, आणि मोडताच पांढरा चीक देणारी.

या कांड्यांचे श्रौतसूत्रांत जे स्वागत सांगितले आहे, ते एखाद्या संस्थानिकाच्या वाट्यालाही क्वचितच आले असेल. प्रथम सोमविक्रयी म्हणून एक मनुष्य उभा केला जाई, त्याच्याशी गाय, सोने इत्यादी किमतीवरून रीतसर घासाघीस होई, आणि सौदा पटल्यावर त्या बिचाऱ्याला हाकलून देण्यात येई. (आजचा रोपवाटिकेचा मालक त्या मानाने सुखी म्हणायचा.) मग वस्त्रात बांधलेला सोम गाड्यावरून यज्ञमंडपात येई, तो आता केवळ वनस्पती नसून राजा असे, त्याला औदुंबराच्या आसंदीवर, म्हणजे आसनावर, बसवीत आणि अतिथी घरी आला म्हणून आतिथ्येष्टी करीत. प्रत्यक्ष रस काढण्याचा दिवस यानंतर येई, आणि मधल्या उपसदांच्या दिवसांत आप्यायन नावाचा एक विधी होई: ऋत्विज तापविलेल्या पाण्याला स्पर्श करीत, सोमाला हात लावीत, आणि तोडून आणल्यामुळे सुकू लागलेली ही कांडी पुन्हा भरून यावी, फुगावी, अशी मंत्राने प्रार्थना करीत. पाण्याचा केवळ स्पर्श, अभिषेक नव्हे! यामागे वनस्पतिशास्त्र होते असा दावा मी करणार नाही, परंतु रसाळ वनस्पतीशी पाण्याचा व्यवहार किती हात राखून करावा याचे इतके जुने उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

वेदातला मूळ सोम हीच वेल काय, हा वाद वेगळा आहे आणि तो मिटण्याजोगा नाही. अस्सल सोम दुर्मिळ झाल्याची खूण ब्राह्मणग्रंथांतच सापडते, कारण तो न मिळाल्यास पूतीक वगैरे कोणती वनस्पती घ्यावी याची तजवीज तेथे करून ठेवलेली आहे. सुश्रुताने तर सोमाचे चोवीस प्रकार देऊन, शुक्लपक्षात रोज एक पान फुटणाऱ्या आणि कृष्णपक्षात रोज एक गाळणाऱ्या वेलीचे वर्णन केले, जी कोणा माळ्याच्या हाती लागल्याचे ऐकिवात नाही. १९६८ साली वॉसन या अमेरिकन संशोधकाने सोम म्हणजे एक भूछत्र होते असे प्रतिपादन केले. योगायोग असा, की आपल्या कुंडीतील मोत्यांच्या वेलीचे शास्त्रीय नामकरणही त्याच वर्षी याकोब्सेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने केले.

दख्खनच्या सोमाची चव मात्र एका परकी पंडिताने स्वतः घेऊन पाहिली आहे. मार्टिन हाउग हा जर्मन विद्वान १८५९ पासून काही वर्षे पुण्याच्या कॉलेजात संस्कृतच्या अध्यापनावर देखरेख करीत होता. त्याने एका याज्ञिकाकडून सर्व विधी समजून घेतला, रसही प्राशन केला, आणि १८६३ साली मुंबईत प्रसिद्ध केलेल्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तीत नमूद करून ठेवले की हे पेय आंबट नसून कडू आणि अत्यंत ओंगळ आहे, आणि काही चमच्यांपलीकडे आपल्याच्याने ते घेववले नाही. याउलट कंपनी सरकारचा वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने याच वेलीला आंबट या अर्थाचे लॅटिन विशेषण दिले आणि वाटसरू तिचे कोवळे शेंडे चोखून तहान भागवितात असे लिहिले.

दोघेही खरे बोलत असावेत. बेंजामिन हाइन या दक्षिण भारतात राहिलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे एक निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले: पानफुटीचे पान पहाटे चाखले तर आंबट लागते, दुपारी बेचव होते. आपल्या परसातील, पानाच्या कडेला पिले फुटणाऱ्या या वनस्पतीने एक मोठे रहस्य उघड केले. अशा झाडांची रंध्रे दिवसा मिटलेली असतात. रात्री ती उघडून ही झाडे हवेतील कर्बवायू आत घेतात, आम्लाच्या रूपाने त्याची साठवण करतात आणि दिवसा उन्हाच्या बळावर ती साठवण खर्ची घालतात. सोमवेलीचाही कारभार असाच चालतो. तेव्हा यज्ञातील सकाळच्या प्रातःसवनाचा रस आणि सायंकाळच्या तृतीयसवनाचा रस यांत आंबटपणाचा काही फरक पडत असला पाहिजे, असा माझा आपला तर्क आहे. श्रौतींपैकी कोणी त्याची खातरजमा करून पाहावी.

हा रात्रीचा कारभार एकदा ध्यानात आला, म्हणजे चिंचोळीच्या हिवाळ्याची भीती उरत नाही. सोलापुरात पारा दहा अंशांखाली क्वचितच उतरतो. त्या थंडीने ही झाडे मरत नाहीत, मरतात ती थंड आणि ओल्या मातीत. वाढ थांबलेली असल्याने मुळे पाणी मागत नाहीत, न मागितलेले पाणी कुंडीत मुरून राहते आणि बुंधा कुजतो. म्हणून कार्तिकानंतर पाण्याचा हप्ता तोडावा. कांडीवर किंवा पानावर बारीक सुरकुती दिसेपर्यंत थांबावे, आणि द्यायचे तेव्हा ऊन वर आल्यावर, गारठा निघालेले पाणी मुळाशी द्यावे. मातीत निम्म्याहून अधिक मुरूम आणि विटांचे तुकडे असावेत. मुरूम तर या माळावर विकत घ्यावा लागत नाही. खताचे नाव थंडीत काढू नये. कुंडी सकाळचे कोवळे ऊन लागेल अशा बाजूस टांगावी, वातानुकूलन यंत्राच्या गार झोताखाली तर मुळीच नव्हे.

सूत्रकारांनी अग्निष्टोमाला, म्हणजे सोमयागाच्या मूळ प्रकाराला, वसंत ऋतू नेमून दिला आहे, आणि कुंडीतल्या वेलीचा मोसमही तेव्हाच उघडतो. फाल्गुनात रात्रीचा गारठा मोडला की पेऱ्याखाली कांडी तोडावी, चीक वाळून तोंड मिटेपर्यंत ती दोन-तीन दिवस सावलीत ठेवावी, मग कोरड्या मुरमात खोचावी आणि पहिले पाणी आणखी काही दिवसांनी, तेही बेताचेच, द्यावे.