रामटेक लोकसभा मतदारसंघ: नागपूरभोवतीच्या ग्रामीण पट्ट्याचा निवडणूक इतिहास

रामटेक हा नागपूर जिल्ह्यातील दोन लोकसभा मतदारसंघांपैकी एक. नागपूर शहरातील सहा विधानसभा मतदारसंघ मिळून नागपूर लोकसभा होते आणि शहराबाहेरचे सहा मिळून रामटेक. नाव रामटेकचे असले तरी या मतदारसंघाचा विस्तार जिल्ह्याच्या चारही बाजूंना आहे. कन्हान नदीकाठचे खापा हे नगरपरिषदेचे गाव सावनेर तालुक्यात येते, त्यामुळे खाप्याचे मतदारही रामटेकचाच खासदार निवडतात.

१९५७ पासून आजवर या मतदारसंघाने माजी संस्थानिक घराण्यातले, पुढे पंतप्रधान झालेले आणि शेजारच्या मतदारसंघांतून आलेले असे वेगवेगळे खासदार पाहिले. उमेदवार कुठला, हा प्रश्न इथे जवळपास प्रत्येक पिढीत पुन्हा उभा राहिला आहे.

मतदारसंघात काय येते?

सध्या रामटेक लोकसभेत काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी आणि रामटेक हे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यातील उमरेड अनुसूचित जातींसाठी राखीव आहे.

या सहा भागांचे प्रश्न एकसारखे नाहीत. काटोल-नरखेड हा संत्र्याचा पट्टा आहे. सावनेर आणि उमरेडकडे कोळशाच्या खाणी आहेत. खाप्याजवळ गुमगाव येथे ‘मॉइल’ या सरकारी कंपनीची मँगनीजची खाण आहे. हिंगण्यात औद्योगिक वसाहत आहे, तर कामठी मतदारसंघात कोराडीचे औष्णिक वीज केंद्र येते. रामटेक आणि पारशिवनीच्या बाजूला पेंचचे जंगल आणि धरण आहे. मध्ये नागपूर शहर आणि भोवती हा सारा पट्टा, अशी रचना असल्यामुळे काटोलच्या मतदाराला उमरेडला जायचे तर बहुधा नागपुरातूनच जावे लागते.

काँग्रेसचा बालेकिल्ला: १९५७ ते १९९८

मतदारसंघाची पहिली निवडणूक १९५७ मध्ये झाली. त्याच्या आदल्या वर्षी राज्य पुनर्रचनेत नागपूर जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. पहिले खासदार काँग्रेसचे कृष्णराव देशमुख. १९६२ मध्ये माधवराव पाटील आणि १९६७ व १९७१ मध्ये अमृत सोनार निवडून आले. हे दोघेही काँग्रेसचेच होते.

या मालिकेत पहिला खंड पडला तो १९७४ च्या पोटनिवडणुकीत. फॉरवर्ड ब्लॉकचे राम हेडाऊ विजयी झाले. तो काळ वेगळ्या विदर्भाच्या मागणीचा होता. त्या चळवळीचे नेते जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये शेजारच्या नागपूरमधून याच पक्षातर्फे लोकसभेवर गेले होते.

आणीबाणीनंतर १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला. रामटेकने मात्र काँग्रेसचे जतिराम बर्वे यांना निवडले आणि १९८० मध्येही त्यांनाच कायम ठेवले. १९५७ ते १९९८ या काळातील अकराही सार्वत्रिक निवडणुका इथे काँग्रेसने जिंकल्या.

नरसिंह राव रामटेकला कसे आले?

१९८४ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांनी दोन ठिकाणांहून निवडणूक लढवली: आंध्र प्रदेशातील हनमकोंडा आणि महाराष्ट्रातील रामटेक. आंध्रात तेव्हा तेलुगू देसमची लाट होती. हनमकोंड्यात भाजपचे जंगा रेड्डी यांनी राव यांचा पराभव केला. त्या वर्षी देशभरात भाजपचे जे दोनच खासदार निवडून आले, त्यांपैकी रेड्डी एक. राव लोकसभेत पोहोचले ते रामटेकच्या मतांवर.

परराज्यातील नेत्याला अशी निवडणूक लढवता येते, कारण लोकसभेच्या सर्वसाधारण जागेसाठी उमेदवाराचे नाव देशातील कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत असले तरी चालते. राव यांना मराठी उत्तम येत होते आणि कायद्याची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठातून घेतली होती. ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचा तेलुगू अनुवादही त्यांनी केला होता. १९८९ मध्ये ते रामटेकमधूनच पुन्हा निवडून आले. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात संरक्षण, मनुष्यबळ विकास आणि परराष्ट्र ही खाती त्यांनी रामटेकचे खासदार असताना सांभाळली.

१९९१ मध्ये त्यांनी लोकसभा लढवली नाही. राजीव गांधींच्या हत्येनंतर ते पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी आंध्रातील नंद्याळच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेवर गेले. त्यामुळे ते पंतप्रधान होते त्या काळात रामटेकचे खासदार नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे.

राव यांच्यानंतर १९९१ मध्ये नागपूरच्या भोसले घराण्यातील तेजसिंहराव भोसले निवडून आले. १९९६ मध्ये दत्ता मेघे खासदार झाले, ते त्याआधी नागपूरचे खासदार होते. १९९८ मध्ये राणी चित्रलेखा भोसले विजयी झाल्या. रामटेकच्या त्या आजवरच्या एकमेव महिला खासदार आहेत.

शिवसेनेचा उदय

१९९९ मध्ये शिवसेनेचे सुबोध मोहिते यांनी हा बालेकिल्ला फोडला. पुढे ते वाजपेयी सरकारमध्ये अवजड उद्योग मंत्री झाले. २००४ मध्ये त्यांनी काँग्रेसचे श्रीकांत जिचकार यांना हरवले. नंतर मोहिते काँग्रेसमध्ये गेले आणि २००७ मध्ये पोटनिवडणूक झाली. त्यात शिवसेनेचे प्रकाश जाधव निवडून आले आणि मोहिते हरले. मतदार उमेदवाराबरोबर न जाता चिन्हाबरोबर राहिले.

२००९ नंतर: राखीव मतदारसंघ

२००८ च्या पुनर्रचनेत रामटेक अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. महाराष्ट्रात अशा पाच जागा आहेत: अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर. राखीव जागेवर मतदान सर्वच मतदार करतात, उमेदवार मात्र अनुसूचित जातीचाच असावा लागतो.

त्याच पुनर्रचनेत बुलढाणा खुला झाला. तिथून तीनदा खासदार झालेले काँग्रेसचे मुकुल वासनिक मग रामटेकला आले. त्यानंतरचे निकाल असे:

२००९: मुकुल वासनिक (काँग्रेस) विजयी. शिवसेनेचे कृपाल तुमाने १६,७०१ मतांनी पराभूत.
२०१४: कृपाल तुमाने (शिवसेना) विजयी. वासनिक १,७५,७९१ मतांनी पराभूत.
२०१९: कृपाल तुमाने (शिवसेना) विजयी. काँग्रेसचे किशोर गजभिये १,२६,७८३ मतांनी पराभूत.
२०२४: श्यामकुमार बर्वे (काँग्रेस) विजयी. शिवसेनेचे (शिंदे गट) राजू पारवे ७६,७६८ मतांनी पराभूत.

२०२४: अर्ज बाद झाला, जागा जिंकली

शिवसेनेतील फुटीनंतर तुमाने एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले होते, पण २०२४ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली नाही. उमरेडचे काँग्रेस आमदार राजू पारवे ऐन निवडणुकीच्या तोंडावर शिंदे गटात आले आणि उमेदवार झाले.

काँग्रेसने जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष रश्मी बर्वे यांना उमेदवारी दिली होती. त्यांचे जातवैधता प्रमाणपत्र रद्द झाल्याने छाननीत अर्ज बाद ठरला. पक्षाला एबी फॉर्ममध्ये मूळ उमेदवाराबरोबर पर्यायी उमेदवाराचेही नाव देता येते. मूळ अर्ज बाद झाला तर पक्षाचे चिन्ह पर्यायी उमेदवाराला मिळते. काँग्रेसचे पर्यायी उमेदवार होते रश्मी बर्वे यांचे पती श्यामकुमार. १९ एप्रिलला मतदान झाले आणि ४ जूनला ते खासदार झाले. प्रमाणपत्र रद्द करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्दबातल ठरवला. तोवर निवडणूक होऊन गेली होती.

लोकसभेचा हा कल विधानसभेत टिकला नाही. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या. खापा ज्यात येते ते सावनेरही भाजपचे आशिष देशमुख यांच्याकडे गेले. काँग्रेसकडे फक्त उमरेड राहिले. भाजपने मात्र रामटेकची लोकसभेची जागा आजवर एकदाही जिंकलेली नाही.