वरातीतला ट्रम्पेट कोणाचा?

आजचा एपिसोड ऐकताना, किंवा इथे वाचताना, एक काम करा. फोनवर 'शोला जो भडके' काढून ठेवा. 'अलबेला' पिक्चर, साल १९५१. लगेच लावू नका, सांगतो तेव्हा लावा.

मागच्या उन्हाळ्यात खामगावजवळ एका मित्राच्या लग्नाला गेलो होतो. बुलढाणा जिल्ह्यातलं मे महिन्यातलं लग्न म्हणजे काय, ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळचे सात वाजले तरी डांबर तापलेलं. वरात निघाली. पुढे बँडची गाडी, तिच्यावर लाइटिंगमध्ये बँडचं नाव, मागे डीजेचा आवाज वाढायची वाट बघणारी पोरं. डीजेचा जनरेटर बंद पडला आणि बँडवाल्यांना दहा मिनिटं मोकळी मिळाली. तेवढ्यात साठीच्या पुढच्या एका मास्तरांनी ट्रम्पेट उचलला आणि 'शोला जो भडके' सुरू केलं. नवरदेवाचे आजोबा खुर्चीवरून उठले. एवढा वेळ त्यांना कोणी हलवू शकलं नव्हतं.

नंतर जेवणाच्या पंगतीत मी मास्तरांना गाठलं. "मास्तर, हे कुठं शिकलात?"

"शिकतो काय? पिक्चरमधलं हाय. क्याशेट लावायची, वाजवायची, परत लावायची. आमाले कागद नाई लागत पोरा, आमचं सगळं कानावर."

"पण पिक्चरमध्ये हे वाजवलं कोणी?"

"मले काय मालूम? सी. रामचंद्रनं असंल."

मलाही माहीत नव्हतं. जगातलं सगळं संगीत खिशात घेऊन फिरतो आपण, म्हणून तिथंच अ‍ॅप उघडलं. नावं आली: लता मंगेशकर, चितळकर, सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण. यातले चितळकर आणि सी. रामचंद्र एकच, हा माणूस संगीत त्या नावानं द्यायचा आणि गायचा या नावानं. म्हणजे नावं चार, माणसं तीन. आणि या तिघांपैकी ट्रम्पेट कोणीच वाजवत नव्हतं.

आता गाणं लावा. पण गाणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अवघड आहे, कारण समोर लता आहे. तरी प्रयत्न करा. दोन ओळींच्या मधली जागा ऐका. खाली बोंगो चाललाय, हा आपल्या ढोलकीचा चुलत भाऊ पण वेगळ्या गावचा. वर ओबो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट. १९५१ साली, पुणतांब्यात जन्मलेल्या एका मराठी संगीतकाराच्या गाण्यात ही मंडळी आली कुठून?

आली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातून. १९३५ साली ताजमध्ये लिऑन अ‍ॅबी नावाच्या व्हायोलिनवाल्याचा बँड आला. सगळे अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक. त्यांच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवाला आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवाला आले. वेदरफोर्ड तर परत गेलाच नाही, १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला. यांनी १९३६ मध्ये 'ताज महाल' नावाचा एक फॉक्सट्रॉट मुंबईत रेकॉर्ड केला. त्याच नावाचं नरेश फर्नांडिस यांचं एक झकास पुस्तक आहे, मुंबईच्या जॅझवर. इंग्रजीत आहे पण वाचा, मी दोन रात्रींत संपवलं.

ताजचा तो हॉल श्रीमंतांचा होता, गोरे साहेब, पारशी शेठ, संस्थानिक. आपले पणजोबा तिथं दारापर्यंतही गेले नसते. पण त्या बँडमध्ये हळूहळू गोव्याची पोरं घुसली, आणि इथून गोष्ट आपल्याकडे वळते.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा. गावोगावच्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि सुरांची लिपी शिकवायचे. हेतू सरळ होता, चर्चमध्ये गाणारे-वाजवणारे हवेत. झालं असं की ज्या पोरांकडे शेत नाही, नोकरी नाही, त्यांच्याकडे कागदावर लिहिलेलं संगीत वाचायची कला आली. ती घेऊन ही पोरं मुंबईत धोबी तलावला यायची, आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये पथारी टाकायची (कूड म्हणजे गावकीचं वसतिगृह समजा) आणि कामाला लागायची. दिवसा सराव, रात्री हॉटेल.

अशांपैकी एक अँतोनियो झेवियर वाझ. गाव हळदोणे, जन्म १९१६. स्टेजवरचं नाव चिक चॉकलेट. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. चाळीसच्या दशकात मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत त्याचा बँड वाजायचा. आणि हाच चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा सहाय्यक होता. 'अलबेला'च्या संगीतात त्याचा हात आहे. नुसता हातच नाही, त्या पिक्चरच्या एका गाण्यात भगवानदादा आणि गीता बालीच्या मागे जो बँड दिसतो, तो त्याचाच. आपल्या आजी-आजोबांनी टुरिंग टॉकीजमध्ये त्याला डोळ्यांनी पाहिलंय. ओळख तेवढी कोणी करून दिली नाही.

हॉटेलातला माणूस पिक्चरमध्ये का आला? एक कारण दारू. म्हणजे दारूबंदी. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला आणि क्लब-हॉटेलांची रात्र थंडावली. वादकांची घरं चालायची कशी? नेमकं त्याच काळात हिंदी सिनेमाला मोठे मोठे ऑर्केस्ट्रा हवे होते. आणि मोठा ऑर्केस्ट्रा कानावर चालत नाही. तीस-चाळीस जणांनी एका वेळी वेगवेगळं वाजवायचं तर प्रत्येकासमोर लिहिलेला कागद लागतो. तो लिहिणारा आणि वाचणारा माणूस मुंबईत बहुतेक वेळा गोव्याचा असायचा. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, मग हे लोक ठरवायचे की व्हायोलिन काय करतील, ट्रम्पेट कुठे येईल, दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजेल. याला अरेंजर म्हणतात.

आता कोणी म्हणेल, मग सी. रामचंद्रांनी केलं काय? हे मला पटत नाही, आधीच सांगतो. चाल त्यांची, आणि कुठलं वाद्य कुठे धरायचं ही नजरही त्यांची. 'इना मिना डिका' घ्या, 'आशा', १९५७. निरर्थक अक्षरं तालात फेकत गायचं, याला जॅझमध्ये स्कॅट म्हणतात. आर्मस्ट्राँगनं १९२६ मध्येच ते रेकॉर्डवर गाजवलं होतं. पण रामचंद्रांच्या कानात नुसता आर्मस्ट्राँग नव्हता, अंगणातली पोरं अडम तडम म्हणतात तेही होतं. सांगतात की घराबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून त्यांना हे सुचलं, आणि जॉन गोम्स या त्यांच्या गोव्याच्या सहाय्यकानं त्यात आपली भर घातली. त्या गाण्यात 'मला नको' अशा अर्थाचे चक्क कोकणी शब्द आहेत, पुढच्या वेळी पकडा. एका खोलीत अमेरिका, गोवा आणि नगर जिल्हा एकत्र बसले होते. माझी तक्रार एवढीच की तिघांपैकी एकाचंच नाव बाहेर आलं.

तेव्हाच्या रेकॉर्डवर जागा कमी होती हे खरं. तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी, मधोमध गोल कागद. पण जागा हे कारण नाही. १९४९ च्या 'महल'ची रेकॉर्ड आली तेव्हा त्यावर लताचंसुद्धा नाव नव्हतं. गाणाऱ्याच्या जागी छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पिक्चरमधल्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओकडे विचारणा केली, गायक भांडले, आणि गायकांची नावं आली. म्हणजे मागितल्यावर जागा निघते. वादकांसाठी कोणी मागितलं नाही. ते दिवसाच्या हिशेबानं पैसे घेऊन लोकल पकडून पुढच्या स्टुडिओत जायचे.

मग हे सगळं आपल्या बुलढाण्यात पोहोचलं कसं? रेडिओवरून, आणि तेही वाकड्या वाटेनं. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा भक्त. सिनेमातली असली पाश्चात्त्य ढंगाची गाणी त्यांना अजिबात सोसायची नाहीत. आकाशवाणीवर फिल्मी गाणी जवळजवळ बंद झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. आमच्याकडे एका वाड्यात रेडिओ असायचा आणि बुधवारी अख्खी गल्ली ओट्यावर, हे मी आजीकडून ऐकलंय. 'बिनाका गीतमाला', अमीन सयानी. पुढे १९५७ मध्ये सरकारनंच विविध भारती काढली.

आणि फर्माईश! झुमरीतलैयाचं नाव देशभर माहीत झालं ते फर्माइशींमुळे. म्हणजे गाणं मागणाऱ्याचं नाव रेडिओवर यायचं, त्याच्या गावाचं यायचं, पण वाजवणाऱ्याचं नाही. हे मी पहिल्यांदा मनात जुळवलं तेव्हा हसू आलं होतं. नंतर नाही आलं.

रेडिओवरून गाणं बँडवाल्यांनी उचललं. त्यांच्याकडे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट आधीपासून होतेच, इंग्रजांच्या लष्करी बँडची देणगी. गंमत बघा, ग्रेगरी बूथ नावाचे एक संगीत अभ्यासक आहेत, न्यूझीलंडच्या विद्यापीठातले. त्यांनी २००५ मध्ये भारतातल्या लग्नाच्या बँडवर पुस्तक लिहिलं आणि २००८ मध्ये मुंबईच्या सिनेमातल्या वादकांवर. खामगावच्या वरातीतून मुंबईच्या स्टुडिओत जायला या माणसाला तीन वर्षं लागली. आपण दोन्ही ऐकत मोठे झालो आणि दोन्हीत नातं आहे हे आपल्याला दिसलं नाही.

नावं कधीकधी आलीही. १९६८ ची 'रागा जॅझ स्टाइल' ही शंकर-जयकिशनची रेकॉर्ड ऐका. अकरा राग, रईस खानांची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, जॉन परेराचा ट्रम्पेट. गाणारं कोणी नाही, त्यामुळे लपायला जागाच नाही. मला ती सगळीच आवडते असं नाही, काही ठिकाणी सतार आणि ड्रम नुसते शेजारी राहतात, बोलत नाहीत. पण तोडीनं सुरुवात करा, रात्री, हेडफोन लावून.

दुसरं नाव तुम्हाला पाठ आहे. १९७७, 'अमर अकबर अँथनी'. अंड्यातून बाहेर येणारा बच्चन. 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे गाणं म्हणजे प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना केलेला नमस्कार आहे. तेच अँथनी गोन्साल्विस, गोव्यातल्या माजोर्ड्याचे. पन्नास वर्षं होत आली, आपण वरातीत त्या नावावर नाचतोय आणि समजतोय की ते सलीम-जावेद छापाचं कुठलंतरी काल्पनिक नाव आहे.

चिक चॉकलेटच्या वाट्याला असं गाणं आलं नाही. १९६७ मध्ये तो गेला, जेमतेम एक्कावन्न वर्षांचा.

हे सगळं वाचून झाल्यावर दिवाळीत परत खामगावला गेलो. मास्तरांना शोधलं. लग्नं नव्हती, घरीच होते, ट्रम्पेट फडक्यात गुंडाळून कपाटावर. बँडच्या गाडीवर लाइटिंगमध्ये जे नाव असतं ते मालकाचं असतं, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. त्यांच्या कोटावर फक्त बँडचं नाव भरलेलं.

मी फोनवर आधी आर्मस्ट्राँग ऐकवला, मग 'शोला'. इयरफोन त्यांना आवडले नाहीत, म्हणाले स्पीकरवर लाव. दोन्ही ऐकले. मी नाव सांगितलं.

"चिक काय?"

"चॉकलेट."

"हे काय नाव झालं?" हसले. मग म्हणाले, "मधलं ते परत लाव. आवाज वाढव."

परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं. त्यांची तीन बोटं मांडीवर चालू होती.

"मी हे तीस वर्ष चुकीचं वाजवून राह्यलो," मास्तर म्हणाले. "इथं तो थांबते. मी थांबतच नव्हतो. क्याशेटवर आयकूच नाई आलं."

त्यांनी ट्रम्पेट खाली काढायला सांगितला.