गेमचं कव्हर चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखायचं? कामणच्या गाळ्यावरून समजून घेऊ

सोशल मीडियावर अशी पोस्ट तुम्हीही पाहिली असेल. कुणीतरी दोन-तीन वर्षं खपून गेम बनवलेला असतो. तो स्टीमवर टाकण्याआधी कव्हरची दोन चित्रं टाकून विचारतो, "ए की बी?" खाली कमेंटचा पाऊस पडतो. "ए भारी", "बीचा रंग मस्त", "दोन्ही छान". बनवणाऱ्याच्या हातात मात्र त्यातून काहीच पडत नाही.

खरं तर कव्हर तपासायच्या काही साध्या कसोट्या आहेत. त्या समजायला चित्रकार असण्याची गरज नाही. कारखाना चालवायच्या गेमवर त्या लावून पाहू, कारण अशा गेमचं कव्हर सगळ्यात अवघड असतं.

कव्हर एवढं महत्त्वाचं का?

स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं मोठं ऑनलाइन दुकान. १०० डॉलर फी भरली की कुणालाही तिथे गेम विकायला ठेवता येतो. त्यामुळे गर्दी प्रचंड. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले. एवढ्या गर्दीत ट्रेलर बघण्याआधी, माहिती वाचण्याआधी माणसाला दिसतं ते फक्त कव्हर. त्यावर क्लिक झालं नाही, तर आतला गेम कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य.

स्टीमच्या भाषेत या चित्राला 'कॅप्सूल' म्हणतात. ते एकच नसतं. पानाच्या माथ्यावर, पहिल्या पानावरच्या जाहिरातीत, यादीत आणि खरेदीनंतर लायब्ररीत, अशा प्रत्येक जागेसाठी वेगळ्या मापाचं चित्र द्यावं लागतं. लायब्ररीतलं ६०० बाय ९०० पिक्सेलचं, म्हणजे उभं. यादीसाठीचं ४६२ बाय १७४ चं, म्हणजे आडवं. खरी मेख पुढे आहे: यादीतल्या चित्रापासून स्टीम आणखी लहान आकार आपोआप बनवतं आणि त्यातला सगळ्यात छोटा असतो १२० बाय ४५ पिक्सेलचा. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत तुमचा अख्खा कारखाना बसवायचा!

नियम काय सांगतात?

१ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने नियम कडक केले. कॅप्सूलवर गेमचं चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक, एवढंच चालतं. 'दहापैकी नऊ गुण', 'अमुक पुरस्कार विजेता', '५० टक्के सूट' असला मजकूर चालत नाही. मोठ्या अपडेटची बातमी द्यायची असेल, तर ठरावीक काळापुरतं वेगळं चित्र लावायची सोय आहे. म्हणजे कव्हरवर स्वतःची तारीफ करायची सोय नाही. जे सांगायचं ते चित्र आणि नावातूनच.

कारखान्याच्या गेमची अडचण काय?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला. त्यात भावाला सोडवायला निघालेली मुलगी आहे, देवांनी दिलेली शस्त्रं आहेत. अशा गेमच्या कव्हरवर कुणाला उभं करायचं, हा प्रश्नच पडत नाही.

कारखान्याच्या गेमला चेहराच नसतो. प्रागच्या वुबे सॉफ्टवेअरचा 'फॅक्टोरिओ' २०१६ मध्ये स्टीमवर आला आणि १४ ऑगस्ट २०२० ला पूर्ण झाला. त्यात खेळाडूचं पात्र आहे, पण खरा नायक आहे पट्ट्यांवरून सतत वाहणारा माल. 'शेपेझ'मध्ये तर फक्त भूमितीतले आकार कापायचे, रंगवायचे आणि जोडायचे. 'डायसन स्फिअर प्रोग्रॅम'मध्ये ताऱ्याभोवती अवाढव्य गोल बांधायचा असतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: या गेमचा नायक कोण? मशीन, माल, जागा की मालक? उत्तर एकच हवं. सगळंच दाखवायला गेलात तर १२० पिक्सेलमध्ये नुसता राखाडी चिखल दिसतो.

आता कामणला येऊ

समजा, एखाद्या मुलाने वसई पूर्वेच्या कामणमधल्या गाळ्यावर गेम बनवलाय. वसई-दिवा मार्गावरचं कामण रोड स्टेशन, चिंचोटीहून भिवंडीकडे जाणारा ट्रकांचा रस्ता, मागे कामणदुर्गाचा डोंगर. गेमचं नाव 'गाळा नंबर बारा'. काम प्लास्टिक मोल्डिंगचं: दाणा हॉपरमध्ये टाकायचा, मोल्डमधून माल काढायचा, कडा कापायच्या, पॅक करून टेम्पोत भरायचा. खराब माल ग्राइंडरमध्ये टाकून पुन्हा दाणा करायचा. लाइट गेली की सगळं ठप्प.

या काल्पनिक गेमच्या कव्हरवर पाच कसोट्या लावू.

१. नखाची कसोटी. चित्र मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करा आणि हात लांब धरून बघा. नाव वाचता येतं का? एक ठळक आकार दिसतो का? इथे नापास झालं, तर पुढच्या चार कसोट्या लावायची गरजच नाही.

२. प्रकाराची कसोटी. न सांगता कळलं पाहिजे की यात कारखाना चालवायचा आहे. नुसता हेल्मेट घातलेला कामगार दाखवला तर लोकांना मारामारीचा गेम वाटू शकतो. त्यापेक्षा रंगीत दाणा, त्यापासून बनलेल्या लाल बादल्या आणि त्यांची पुढे सरकणारी रांग दाखवा. 'हे घालायचं, ते निघतं' हे एका नजरेत कळतं.

३. खरेपणाची कसोटी. गेम वरून बघायचा, साध्या चौकटींचा आहे आणि कव्हरवर सिनेमासारखी झगझगीत थ्रीडी फॅक्टरी आहे? मग क्लिक होईल, पण आत गेलेला माणूस चिडून बाहेर येईल. कव्हर गेमपेक्षा देखणं असायला हरकत नाही, फक्त वचन तेच हवं. एआयने केलेलं चित्रही इथेच अंगाशी येतं. गेममधल्या एआयच्या वापराची माहिती २०२४ पासून स्टीमला द्यावी लागते आणि ती गेमच्या पानावर दिसते. त्यात मशीनचे दात वेडेवाकडे, पट्टा कुठूनच न येणारा असेल, तर मशीनवरच प्रेम करणारा हा खेळाडू ते आधी पकडतो.

४. जागेची कसोटी. कारखाना म्हटलं की धुराडं आणि दातेरी चाक काढायची सवय लागलीय. कामणच्या गाळ्याला धुराडं नसतं. पत्र्याचं छप्पर, अर्धं उघडं शटर, दारात मागे घेतलेला टेम्पो आणि मागे डोंगराची रेघ, ही इथली ओळख. अर्धं उघडं शटर हा आकार लहान चित्रातही उठून दिसतो, आणि यादीतल्या दुसऱ्या कुठल्या गेमकडे तो असण्याची शक्यता कमी.

५. नावाची कसोटी. देवनागरीत नाव लिहिणार असाल तर जपून. शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. त्यामुळे अक्षराला उंची जास्त लागते. यादीतलं चित्र मात्र बुटकं आणि लांबट. 'गाळा नंबर बारा' तिथे बारीक होऊन जाईल. नुसतं 'गाळा' ठेवलं तर अक्षरं जाड राहतात. वर मात्रा नाही, खाली उकार नाही, आणि शिरोरेषा थेट पत्र्याच्या छपरासारखी वापरता येते. कथिल रंगाच्या पत्र्यावर कथिल रंगाचं नाव मात्र टाकू नका.

मत कसं विचारायचं?

"आवडलं का?" हा प्रश्न टाळा. ओळखीचे लोक "छान" म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी चित्र पाच सेकंद दाखवा, लपवा आणि तीन गोष्टी विचारा: नाव काय होतं? या गेममध्ये काय करायचं असेल? याची किंमत किती असेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बोलकं असतं. तुम्ही ५०० रुपये लावणार आणि लोक "फुकट असेल ना?" म्हणाले, तर चित्र कच्चं आहे. दुसरं म्हणजे कव्हर एकटं दाखवू नका. त्याच प्रकारच्या आठ-दहा गेमच्या यादीत ठेवून दाखवा. दुकानात ते तसंच दिसणार आहे.

गेमचं पान सुरू झाल्यावर चित्र किती वेळा दिसलं आणि किती जण आत आले, हे स्टीम बनवणाऱ्याला दाखवतं. कव्हर बदललं तर आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून बघा. त्याच आठवड्यात सेल किंवा मोठं अपडेट असेल, तर फरक कव्हरमुळेच पडला असं धरू नका.

आणि तुम्ही फक्त कमेंट करणारे असाल तर?

पुढच्या वेळी "ए की बी?" दिसलं की नुसतं अक्षर लिहू नका. "लहान केल्यावर बीचं नाव वाचता येत नाही" किंवा "एमध्ये कारखाना आहे हेच कळलं नाही", एवढं एक वाक्य लिहा. समोरच्याला काय दुरुस्त करायचं ते त्यातून कळतं, आणि पान उघडण्याआधी ते दुरुस्त करायला त्याच्याकडे वेळही असतो.